सरकारी विम्याच्या गृहकर्जांचे मूल्यांकक (अमेरिका)
अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेले फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएचए, स्वतः कर्ज देत नाही. बँकांनी दिलेल्या गृहकर्जांचा विमा उतरवते. कर्ज बुडाले की भार सरकारी विमा निधीवर येतो. त्यामुळे घराची किंमत ठरवणारा माणूस जाणकार आणि निःपक्षपाती असणे अत्यावश्यक ठरते.

ऐंशीच्या दशकात शेकडो बचत-कर्ज संस्था बुडाल्या. फुगवलेली मूल्यांकनेही त्याला कारणीभूत होती. १९८९च्या कायद्याने मूल्यांककांच्या राज्यस्तरीय परवाना व प्रमाणपत्राची चौकट घातली. २००८च्या कायद्याने एफएचएसाठी नियम आणखी कडक केला: नुसता परवाना पुरत नाही, राज्याचे प्रमाणपत्रच लागते. हा बदल योग्यच होता. निवासी मालमत्तांच्या प्रमाणपत्रासाठी २०० तासांचे शिक्षण, किमान १२ महिन्यांत मिळवलेला १,५०० तासांचा अनुभव आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक असते. शैक्षणिक पात्रतेची अट वेगळी.

त्यानंतर एफएचएच्या यादीत नाव नोंदवावे लागते. सरकारी कामातून वगळलेल्यांना तिथे जागा नाही.

मूल्यांककाने घराची सुरक्षितता व मजबुतीही पाहायची असते. १९७८पूर्वीच्या घरात सुटलेले रंगाचे पोपडे दिसले, तर शिशाच्या धोक्यामुळे त्यांची नोंद करावीच लागते.

यादीतला मूल्यांकक कर्जदाती संस्था निवडते, पण कमिशनवर काम करणाऱ्या तिच्या कर्मचाऱ्यांना त्या निवडीत भाग घेता येत नाही. माजी सैनिकांच्या हमी-कर्जांत मात्र मूल्यांकक थेट सरकारी खातेच नेमते.