इंजिनातील खडखडाटाचे निदान

इंजिनातील खडखडाटाचे निदान म्हणजे मोटारगाडीचे इंजिन चालू असताना त्यातून किंवा त्याच्या आसपासच्या भागांतून येणाऱ्या अस्वाभाविक आवाजाचे उगमस्थान आणि कारण शोधून काढण्याची प्रक्रिया होय. पुष्कळ वर्षे वापरलेल्या गाड्यांत हा प्रश्न वारंवार उद्भवतो. जवळजवळ सारखाच भासणारा आवाज सायलेन्सरजवळच्या सैल पत्र्यातून येऊ शकतो, तसाच तो इंजिनाच्या अंतर्भागातील झिजलेल्या बेअरिंगमधूनही येऊ शकतो. पहिला दोष एक बोल्ट आवळून दूर होतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण इंजिन निकामी होते. म्हणूनच आवाज कसा आहे, यापेक्षा तो कोणत्या स्थितीत वाढतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो, या निरीक्षणाला निदानात अधिक महत्त्व असते.

आवाज निर्माण होण्याचे कारण

इंजिनातील फिरणारे व सरकणारे भाग एकमेकांना घट्ट चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये ठरावीक सूक्ष्म फट ठेवलेली असते आणि बहुतेक ठिकाणी त्या फटीत वंगण तेलाचा पातळ थर असतो. हा थर धातूला धातूवर आदळू देत नाही. वापराने भाग झिजले की फट वाढते. तेल कमी झाले, जुने झाले किंवा त्याचा दाब घटला की थर तुटतो. दोन्ही प्रसंगी एक भाग दुसऱ्यावर आपटू लागतो व आवाज येतो. याखेरीज इंजिनाला जोडलेले पत्रे, नळ्या, कप्प्या व आधार सैल झाल्यास तेही इंजिनाच्या कंपनांबरोबर वाजतात.

आवाजांचे प्रकार

निदानाच्या दृष्टीने आवाजांचे स्थूलमानाने पुढील प्रकार मानता येतात.

- खडखड किंवा खुळखुळ : पातळ पत्रा अथवा सैल भाग हलल्याचा आवाज, सहसा इंजिनाबाहेरचा.
- टकटक : हलका, नियमित व जलद आवाज, बहुधा झडपांच्या यंत्रणेतील.
- ठकठक : जड, खोल व हातोडीच्या घावासारखा आवाज, बहुधा पिस्टन किंवा बेअरिंगशी संबंधित.
- किणकिण : काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा आवाज, इंजिनावर भार पडताच उमटणारा.
- घरघर : अखंड, फिरता आवाज, पाण्याचा पंप, डायनॅमो यांच्या बेअरिंगमधील.

हे वर्गीकरण केवळ प्रारंभिक असते. आवाज धातूतून दूरवर पसरत असल्याने तो जिथे ऐकू येतो तिथेच दोष असेल असे नाही.

प्राथमिक तपासणी

कोणताही भाग उघडण्यापूर्वी तेलाची पातळी पाहणे ही पहिली पायरी होय. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढतात. ती पुसून पुन्हा आत घालतात व मग पातळी वाचतात. तेल खालच्या खुणेपेक्षा कमी असल्यास योग्य प्रतीचे तेल भरून आवाज पुन्हा ऐकावा लागतो. तेलात चकाकणारे धातूचे कण दिसल्यास अंतर्गत झीज झाल्याचे अनुमान निघते. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी मिसळल्याची शक्यता असते.

यानंतर इंजिन बंद व थंड असताना बाहेरील भाग हाताने हलवून पाहतात. सायलेन्सरच्या पट्ट्या, उष्णतारोधक पत्रे, इंजिनाचे रबरी आधार, पंखा आणि कप्पी यांची तपासणी यात येते. खर्चिक दुरुस्तीची शंका घेण्यापूर्वी ही बिनखर्चाची पाहणी पूर्ण होणे आवश्यक असते.

स्थितीनुसार निरीक्षण

तापमान : इंजिन थंड असताना येणारा आणि तापल्यावर कमी होणारा ठकठकाट बहुधा झिजलेल्या पिस्टनचा असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेने प्रसरण पावतो व सिलिंडरमधील फट भरून निघते. याउलट इंजिन तापल्यावर वाढणारा ठकठकाट बेअरिंगकडे निर्देश करतो, कारण तापलेले तेल पातळ होते व त्याचा दाब घटतो.

वेळ : इंजिन सुरू करताच काही क्षण खडखड होऊन ती थांबत असल्यास टायमिंगची साखळी सैल असण्याचा किंवा तेल सर्वत्र पोहोचण्यास विलंब होत असल्याचा संभव असतो.

भार : चढावर, वरच्या गिअरमध्ये व कमी वेगात किणकिण होत असल्यास ते ज्वलनातील दोषाचे लक्षण होय.

क्लच : क्लचचे पेडल दाबताच आवाज बदलत असल्यास दोष इंजिनात नसून क्लच अथवा गिअरबॉक्समध्ये असू शकतो.

लय : चार टप्प्यांच्या इंजिनात भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडते. मिनिटाला ८०० फेरे होत असतील, तर एका सैल टॅपेटचे ठोके मिनिटाला ४०० पडतात. टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा, उजळतो. एकच टकटक त्याच्या लयीत होत असल्यास शंका प्रथम झडपांच्या यंत्रणेवर घेतली जाते.

उगमस्थान शोधणे

फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेल्या स्टेथोस्कोपच्या तत्त्वावरच मेकॅनिक वापरतात तो स्टेथोस्कोप चालतो. त्याच्या टोकाला मात्र धातूची सळई असते. ती सळई इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून आवाज कुठे सर्वांत तीव्र आहे ते ऐकतात. हे साधन नसल्यास लांब पेचकसाचे टोक इंजिनावर व मूठ कानाजवळ धरण्याची पद्धत प्रचलित आहे. अशा वेळी सैल कपडे, केस आणि हात पंखा व पट्टा यांपासून दूर ठेवणे अत्यावश्यक असते.

डायनॅमो, पाण्याचा पंप यांवर शंका असल्यास त्यांचा पट्टा उतरवून इंजिन काही क्षणच चालवतात. पंप बंद असल्याने याहून अधिक वेळ इंजिन चालवणे धोक्याचे असते. आवाज थांबल्यास दोष त्या पट्ट्यावरील एखाद्या भागात असतो.

जुन्या, डिस्ट्रिब्युटर असलेल्या पेट्रोल इंजिनात एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून पाहिली जाते. एखाद्या सिलिंडरची ठिणगी थांबवताच ठकठकाट लक्षणीयरीत्या मंदावला, तर त्या सिलिंडरचा पिस्टन किंवा त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग संशयास्पद ठरते. उच्च दाबाच्या विजेमुळे ही चाचणी जाणकारानेच करणे इष्ट होय. उत्प्रेरक परिवर्तक बसवलेल्या गाड्यांत न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तो बिघडू शकत असल्याने तेथे ही चाचणी टाळतात.

प्रमुख अंतर्गत कारणे

टॅपेटची वाढलेली फट : उत्पादकाने ठरवून दिलेली फट फिलर गेजच्या पात्याने मोजून पुन्हा जुळवता येते. हा आवाज त्रासदायक असला तरी बहुधा तातडीचा धोका नसतो. मात्र आवाज घालवण्याच्या हेतूने फट प्रमाणाबाहेर कमी केल्यास झडप पूर्ण बंद होत नाही व जळते. अशा वेळी टॅपेट वाजत नाहीत. म्हणजे शांतता हेही निर्दोषतेचे प्रमाण नव्हे.

ज्वलनातील नॉकिंग : ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकल्याने किणकिण होते. वेळेपूर्वी पडणारी ठिणगी, कमी ऑक्टेनचे पेट्रोल, साचलेला कार्बन आणि अतितापणे ही त्याची सामान्य कारणे होत. जनरल मोटर्समध्ये टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या संयुगाने नॉकिंग रोखता येते असे दाखवले. परंतु शिसे आरोग्यास घातक असल्याने पुढे जगभर असे पेट्रोल बंद होत गेले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल लागू झाले.

बेअरिंगची झीज : हा सर्वांत गंभीर दोष होय. झीज वाढत गेल्यास बेअरिंग भुजादंडावर चिकटून फिरते, कनेक्टिंग रॉड तुटतो आणि इंजिनाच्या ठोकळ्याला भोक पाडू शकतो.

भारतातील जुन्या गाड्यांचे संदर्भ

मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ घन सें.मी. आणि अँबॅसेडरच्या १४८९ घन सें.मी. पेट्रोल इंजिनांत झडपा लांब दांड्यांच्या साहाय्याने उघडत. त्यामुळे टॅपेटची फट वेळोवेळी जुळवणे हा त्यांच्या देखभालीचा नित्य भाग होता. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या ७९६ घन सें.मी. इंजिनात तीन सिलिंडर व दात्यांचा रबरी पट्टा होता. अशा इंजिनात टायमिंगच्या साखळीची खडखड संभवत नाही. परंतु तीन सिलिंडरच्या रचनेमुळे कंपने अधिक असल्याने सैल पत्रे व थकलेले रबरी आधार लवकर वाजू लागतात. यावरून निदानापूर्वी त्या विशिष्ट इंजिनाची रचना माहीत असणे का आवश्यक आहे ते स्पष्ट होते.

गाडी तात्काळ थांबवण्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास इंजिन लगेच बंद करून गाडी ओढून नेणे श्रेयस्कर असते.

- खोल ठकठकाट आणि त्याच वेळी तेलाच्या दाबाचा दिवा लागणे किंवा लुकलुकणे.
- चालत्या गाडीत ठकठकाट अचानक सुरू होऊन झपाट्याने वाढणे.
- आवाजाबरोबर तापमानाचा काटा धोक्याच्या खुणेकडे जाणे.

अशा स्थितीत घरापर्यंत गाडी चालवत नेल्यास, केवळ बेअरिंग बदलून भागले असते तेथे भुजादंड किंवा संपूर्ण इंजिन बदलावे लागू शकते.

निदानातील सामान्य चुका

एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे ही सर्वांत सामान्य चूक होय. केवळ आवाज ऐकून इंजिन उघडल्यास दोष बाहेरचा निघण्याची व खर्च वाया जाण्याची शक्यता असते. जाड तेल भरून आवाज दाबणे ही दुसरी चूक. त्याने काही काळ ठकठकाट मंदावतो, पण झीज भरून येत नाही. वापरलेली गाडी विकताना दोष लपवण्यासाठीही हा उपाय योजला जातो. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन पूर्ण थंड असताना ते स्वतःसमोर सुरू करून घेणे, नंतर ते चांगले तापेपर्यंत चालवणे आणि दोन्ही स्थितींतील आवाजाची तुलना करणे उपयुक्त ठरते. आवाज केव्हा, किती वेळ व कोणत्या वेगात येतो याची लेखी नोंद ठेवल्यास दुरुस्ती करणाऱ्याचे काम सोपे होते आणि अनावश्यक खर्च टळतो.