राखणदारांचा खानदेश

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी जळगावच्या स्थानकावर उतरतो, बाहेर येऊन गाडी पकडतो आणि शहराकडे मान वळवून न पाहता निघून जातो. आम्हीही पूर्वी दोन वेळा हेच केले होते. तिसऱ्या खेपेस मात्र लेणी बाजूला ठेवून चार दिवस खानदेशातच काढावयाचे आम्ही ठरवले. १९०६ साली इंग्रजांनी जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले; तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कापूस, केळी आणि उन्हाळा यांपलीकडे या प्रदेशाची ओळख आपल्यापैकी अनेकांना नसते. तेथे पाहण्यासारखे ते काय, असे आमच्या स्नेह्यांनी विचारलेच.

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची ती घुमटाची भव्य वास्तू उभी राहते. तिच्यामागे सरकार होते, धनिकांच्या देणग्या होत्या, राजधानीचे वैभव होते. खानदेशातील संग्रहांची कुळी निराळी आहे. बहुतेकांच्या मुळाशी एखादेच झपाटलेले माणूस आढळते. असे माणूस आयुष्यभर काहीतरी गोळा करते, निर्माण करते आणि एक दिवस निघून जाते. मग प्रश्न उरतो तो असा, की आता हे राखायचे कोणी? खानदेशने या प्रश्नाला वेळोवेळी जे उत्तर दिले, ते पाहणे हाच आमच्या प्रवासाचा खरा लाभ ठरला.

प्रारंभ एका दुःखद कथेने करावा लागतो. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. १८४४-४५ च्या सुमारास गिल त्या रानात येऊन राहिला. ऊन, ताप, वटवाघळे आणि अंधार यांच्याशी झगडत त्याने वर्षानुवर्षे ती भव्य चित्रे कापडावर उतरवली. ती लंडनला रवाना झाली आणि तेथील स्फटिक महालात मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये त्या महालाला आग लागली आणि जवळजवळ सारे काम भस्मसात झाले. खचून न जाता गिल पुन्हा कामाला लागला. पण १८७९ मध्ये त्याचा अंत झाला. त्याचे दफन भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत झाले. त्याच्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. रानातली मूळ चित्रे टिकली आणि राजधानीत ‘सुरक्षित’ ठेवलेल्या नकला जळाल्या. मोठी इमारत म्हणजे राखण नव्हे, हा धडा मनात ठेवूनच आम्ही पुढे निघालो.

मुंबईकडून येताना मनमाड मागे पडले की चाळीसगाव लागते. येथूनच धुळ्याकडे रेल्वेचा फाटा जातो. स्थानकाजवळच एक जुना दगडी बंगला आहे. तेथे कलामहर्षी केकी मूस राहत असत. १९१२ साली एका पारशी कुटुंबात जन्मलेला हा कलावंत परदेशात कला शिकून आला आणि या बंगल्यात त्याने स्वतःला जणू कोंडून घेतले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो क्वचितच उंबऱ्याबाहेर पडला. एका प्रेयसीने पंजाब मेलने येईन असे वचन दिले होते आणि त्या गाडीच्या वेळी ते रोज दार उघडे ठेवून वाट पाहत, असे चाळीसगावात आजही सांगतात. कथा हृद्य आहे. परंतु आम्हाला त्याहून अधिक मोलाचे वाटले ते त्यांचे काम. घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर प्रकाश खेळवून ते असे छायाचित्र घेत, की पाहणाऱ्यास विस्तीर्ण निसर्गदृश्य पाहत असल्याचा भास व्हावा. छायाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि जमवलेल्या जुन्या वस्तू यांनी घर भरून गेले. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाची कला देशोदेशींच्या प्रदर्शनांत फिरून पारितोषिके घेऊन आली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते वारले. मागे ना पत्नी, ना मूल. अशा वेळी घराचे काय होते, हे आपण जाणतो. मात्र चाळीसगावकरांनी संस्थेच्या रूपाने ते घर कलाकृतींसह सांभाळले. त्या खोल्यांतून हिंडताना, मालक नुकताच आतल्या दालनात गेला असावा, असे वाटत राहते.

चाळीसगावहून आम्ही धुळ्यास पोहोचलो. येथेही एका ३१ डिसेंबरची आठवण आहे. ती १९२६ सालची. त्या दिवशी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी या गावी देह ठेवला. राजवाड्यांची चिकाटी महाराष्ट्रास नवी नाही. तरुणपणीच पत्नी गेली. पुन्हा संसार मांडला नाही. वाड्यावाड्यांतील माळे, देवळांच्या ओवऱ्या आणि वाण्यांची दुकाने पालथी घालीत ते गावोगाव हिंडले. कोणी दप्तर दाखवीत, कोणी संशयाने दार लावून घेत. कित्येक ठिकाणी ते पोहोचेपर्यंत कागद वाळवीने खाल्लेले असत, किंवा पुड्या बांधण्यासाठी विकले गेलेले असत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकंदर बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. स्वभाव मात्र विलक्षण कडक. पुण्याशी बिनसले, तेव्हा आपली दप्तरे घेऊन ते अखेरीस धुळ्यात स्थिरावले.

येथे धुळेकरांचे मोठेपण सुरू होते. राजवाडे या गावचे नव्हते आणि सांभाळण्यास सोपे पाहुणेही नव्हते. पण ते गेल्यानंतर भास्कर वामन भट आदी मंडळींनी १९२७ सालीच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. राजवाड्यांची दप्तरे, टिपणे आणि अपुरी हस्तलिखिते यांना छप्पर मिळाले. त्यांचा धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात या मंडळानेच प्रसिद्धीस आणले. ‘संशोधक’ हे त्रैमासिकही चालवले. आज मंडळाच्या वास्तूत पोथ्या, मोडी कागद, ताम्रपट, नाणी, लघुचित्रे आणि दगडी मूर्ती एकत्र नांदतात. मोडी दप्तराच्या एका पानासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. अक्षर वळणदार, शाई अजून काळीभोर. परंतु आम्हाला त्यातील एक ओळही लागेना! मोडी शाळांतून गेली त्याला आता कित्येक दशके लोटली. कागद राखणे हे अर्धेच काम. तो वाचू शकणारा माणूस राखणे हे उरलेले अर्धे. ते अधिक अवघड आहे.

याच गावात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नाव मंदिर, पण आराधना ग्रंथांची. शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्यातील वकील. त्यांनी स्नेह्यांसह १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि रामदास व रामदासी संप्रदायाचे साहित्य धुंडाळण्याचा ध्यास घेतला. मठामठांतून हिंडून त्यांनी बाडे मिळवली. कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगाव मठातील प्रतीवरून त्यांनी दासबोध छापून काढला. १९३५ साली या संग्रहासाठी वाग्देवता मंदिर उभे राहिले. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून जपलेली वाल्मीकी रामायणाची प्रत येथील सर्वांत मोलाची ठेव. वकिलीच्या मिळकतीत सुखाने राहू शकणाऱ्या गृहस्थाने दुसऱ्यांच्या अडगळीत आयुष्य घालवले, हे त्या लाल कापडात बांधलेल्या बाडांकडे पाहताना सारखे जाणवत होते.

धुळ्याचा तुरुंग काही वस्तुसंग्रहालय नव्हे. पण त्याची आठवण टाळून पुढे जाता येत नाही. १९३२ साली विनोबा भावे येथे राजबंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर सहबंद्यांपुढे प्रवचन केले. समोर कागद घेऊन बसले होते साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले शिक्षक. त्यांनी ती प्रवचने भरभर टिपून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक जगाला मिळाले. बोलणारा थोर होता, यात शंका नाही. परंतु टिपणारा नसता, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरले असते.

टिपणाऱ्याचे हेच मोल जळगावात आणखी ठळकपणे दिसले. शहराच्या जुन्या भागात चौधरी वाडा आहे. १८८० साली जवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई लग्न होऊन या घरात आल्या. अक्षरओळख नाही, तरुण वयात वैधव्य, शेत, जाते आणि चूल हेच विश्व. काम करता करता त्या आपल्या लेवा गणबोलीत गाणी रचीत. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतली जमतील तेवढी उतरवून घेतली. उरलेली जात्याच्या घरघरीबरोबर गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीत भीत आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले आणि त्यांच्या आग्रहामुळे १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज त्या घराचे स्मृतिसंग्रहालय झाले आहे. संसारातली भांडीकुंडी आणि शेतीची अवजारे तेथे मांडली आहेत. त्यांत सोन्याचांदीचे काही नाही. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात असे, तेच तेथे आहे. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास या निरक्षर स्त्रीचे नाव देण्यात आले. विद्येने केलेले एवढे सुंदर प्रायश्चित्त आम्ही दुसरे पाहिले नाही.

शहराबाहेर जैन हिल्सवर गांधी तीर्थ आहे. उद्योजक भवरलाल जैन यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या या वास्तूचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती आणि जळगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. येथे साधनांची वाण नाही. बोलती-हलती दालने आहेत आणि गांधीजींविषयीचे कागद, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे शास्त्रोक्त रीतीने जतन केली जातात. मुलांना हे स्थळ फार आवडते. दगडी बंगल्यातील आणि वाड्यातील राखण जुन्या वळणाची, ही नव्या वळणाची. दोहोंची गरज आहे.

परतीच्या गाडीत आमच्या मनात आपल्याच घरचा विचार सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि त्याच शतकात आणखी दोनदा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराण जगले. श्रद्धावान कुटुंबांनी ते हाताने उतरवून, गाऊन पुढच्या पिढीस दिले आणि अशा हस्तलिखित प्रतींच्या आधारे १९०७ साली मंगळुरास सालढाणा यांना ते पुन्हा छापता आले. आपल्या भाषेतील आपला महाग्रंथ राखला तो अशा नामनिर्देश नसलेल्या घरांनी.

आणि आम्ही? आमची आजी लग्नघरी रात्र रात्र गाणी म्हणत असे. हळदीची गाणी, पाणी आणण्याची गाणी, वरमाईला चिमटे काढणारी गाणी. आम्ही शाळेत शिकत होतो. हाती वही होती, पेन्सिल होती. आम्ही ती बोली घरात बोलावयाची लाज वाटून घेत होतो, आणि आजी गेली. पुढे तिच्या पेटीतल्या जुन्या चिठ्ठ्या आणि आजोबांची हिशेबाची चोपडी घराच्या रंगकामाच्या वेळी आम्हीच रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. चार आण्यांचा ऐवज झाला असेल. बहिणाबाईंच्या घरातील ते जाते पाहताना हे सारे आठवले आणि आम्हाला मान वर करवेना.

वाचकहो, खानदेशास अवश्य जा. मुलांना बरोबर न्या. अजिंठा पाहाच, पण एक दिवस चाळीसगाव, धुळे आणि जळगाव यांसाठीही राखून ठेवा. मात्र घरी परतल्यावर माळ्यावरची पेटी एकदा उघडा. नाताळच्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा आणि तिला आठवेल ते तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहून घ्या. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर नावे लिहा. राजवाडे होणे आपणांस साधणार नाही; सोपानदेव होणे मात्र कोणत्याही घरातल्या मुलाला साधण्यासारखे आहे.