सागाचं सासर

अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळतं, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत. पावसाळाभर गढूळलेले ओढे आणि तळी नितळ होऊ लागली, पहाटे दक्षिणेला अगस्ती दिसला, की शरद उंबऱ्यावर आला असं समजायचं. अरबस्तानात याच ताऱ्याला सुहैल म्हणतात. मध्य अरबस्तानात तो २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे क्षितिजावर येतो, आणि सुहैल उगवला की रात्र गार झाली, अशी तिथल्या वाळवंटी मुलखाची म्हण आहे.

सौदी अरबस्तानातल्या जेद्दा बंदराला मात्र ही म्हण लागू पडत नाही. लाल समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि ती ऊब तो इतक्यात सोडत नाही. १९१६ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स सुएझहून बोटीने जेद्दाला उतरला तेव्हा तिथल्या उष्म्याने तो हैराण झाला. पुढे आपल्या पुस्तकात त्याने त्यावर लिहिलंही. मुंबईच्या माणसाला यात नवल नाही. त्याने 'ऑक्टोबर हीट' सोसलेली असते. जेद्दाचा शरद खरा सुरू होतो तो नोव्हेंबरात. शर्ट पाठीला चिकटायचा थांबतो, आणि संध्याकाळी वायव्येकडून येणारा वारा कोरडा लागतो.

जपानात कामाकुरासारख्या जुन्या, समुद्रकाठच्या गावात लोक शरद बघायला जातात. मेपलची पानं लाल होतात आणि ती बघायची असतात. जेद्दाच्या जुन्या गावात, म्हणजे अल-बलदमध्ये, बघायला पानंच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तटबंदीच्या आत झाड असं एकच होतं, असं सांगतात. नसीफ या व्यापारी घराण्याच्या वाड्यासमोर ते अजून उभं आहे, आणि ते आहे चक्क कडुलिंबाचं. इथला शरद डोळ्यांनी बघायचा नसतो, तो खिडकीत बसून अंगावर घ्यायचा असतो. त्या खिडकीला म्हणतात रोशन. अनेकवचन रवाशीन.

खिडकी हा शब्द तिला खरं तर अपुरा आहे. भिंतीतून दोन फुटांच्या आसपास रस्त्यावर पुढे आलेली ती लाकडाची एक छोटी खोलीच असते. खाली कोरीव घोड्यांचा आधार, त्यावर बसायची फळी, फळीवर गाद्या-लोड, समोर आणि दोन्ही बाजूंना झडपा व जाळ्या, आणि माथ्यावर नक्षीचा मुकुट. झडपा हव्या तितक्या उघडायच्या. बाहेरचा वारा तीन बाजूंनी आत येतो, आतल्या बाईला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला बाई दिसत नाही. जाळीपाशी पाण्याचे मातीचे खुजे ठेवले की वाऱ्याने पाणीही गार. इजिप्तमध्ये अशाच सज्जाला मश्रबिया म्हणतात. त्या शब्दात अरबीतला 'पिणे' हा धातू आहे आणि त्याचा संबंध याच खुजांशी जोडला जातो. बगदाद-बसऱ्यात तिचं नाव शनाशील, म्हणजे फारसीतलं शाह-नशीन, राजाची बैठक. एकाच कुळातल्या तीन बहिणी: एकीचं नाव पाण्यावरून, दुसरीचं बैठकीवरून आणि जेद्दावालीचं उजेडावरून.

कारण रोशन हा शब्दही फारसी. आपल्या रोषणाईतला आणि हिंदीतल्या रोशनदानातला. फारसीत 'रौशन' म्हणजे उजळ, आणि भिंतीतल्या भोकाला, झरोक्याला 'रौज़न'. दोन्ही शब्द अरबीत फार पूर्वी गेले आणि एकमेकांत मिसळले. अरबांनी रोशन हा शब्द नुसत्या उजेडापुरता ठेवला नाही, तर भिंतीबाहेर आलेल्या सज्जाला लावला. इस्लामच्या शाफिई पंथाच्या कायदेग्रंथांत घरातून रस्त्यावर काढलेल्या अशा भागाला 'जनाह', म्हणजे पंख, असा शब्द येतो आणि भाष्यकार त्याचा अर्थ रोशन असा देतात. तेराव्या शतकातले इमाम नववी या पंखाबद्दल जो नियम सांगतात, तो मला फार आवडतो. पायी जाणाऱ्याचा रस्ता असेल, तर माणूस ताठ उभा राहून खालून जाऊ शकेल इतका तो उंच हवा. काफिल्याचा रस्ता असेल, तर उंटावरची अंबारी तिच्या छताच्या काठ्यांसकट खालून गेली पाहिजे. आपल्या महापालिकांचे बाल्कनीचे नियम वाचताना असं काही डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

आता लाकूड. हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिना-जेद्दाच्या या पट्ट्यात, खजूर आहे, बाभळीच्या जातीची झाडं आहेत. पण लांब, सरळ, वाळवी न लागणारी फळी देणारं झाड नाही. जेद्दाची घरं समुद्रातल्या प्रवाळाची. खाडीतून काढलेले प्रवाळाचे चिरे, त्यांना खाडीचाच गाळ, वर चुन्याचा गिलावा. हा दगड हलका आणि ठिसूळ, म्हणून दर काही थरांनंतर भिंतीत आडवी लाकडं घालायची; तिथे त्यांना तकालील म्हणतात. अशा भिंतीवर दगडी सज्जा पेलवणार नाही. लाकडाचा रोशन पेलवतो, शिवाय दमट हवेत फुगला-आकसला तरी तडकत नाही, कारण तो लहान लहान तुकडे खाचेत बसवून केलेला असतो. पण त्यासाठी हवा साग, आणि तो मिळायचा समुद्रापलीकडे, हिंदुस्थानात आणि जावात.

अरबीत सागाला म्हणतात साज. संस्कृतात शाक, मराठीत साग, अरबी ओठांवर साज. झाडाबरोबर त्याचं नावही बोटीत बसून गेलं. किती जुनं हे जाणं? बुखारींच्या हदीस-संग्रहात मदिनेच्या मशिदीचा इतिहास येतो. प्रेषितांच्या काळी तिचं छप्पर खजुराच्या झावळ्यांचं होतं. तिसरे खलिफा उस्मान यांनी ती वाढवून कोरीव दगडाची केली आणि छप्पर घातलं साजचं. म्हणजे सातव्या शतकाच्या मध्याला साग हिजाझमध्ये पोचला होता. आणि गंमत म्हणजे जेद्दाला मक्केचं बंदर म्हणून इ.स. ६४७ मध्ये निवडणारे खलिफाही हेच उस्मान. त्याआधी मक्केचा माल दक्षिणेच्या शुऐबा बंदरात उतरायचा.

जेद्दाचं भाग्य पुन्हा वाऱ्यानेच लिहिलं. लाल समुद्राच्या उत्तर भागात वर्षभर वायव्येचा वारा असतो, शिडाच्या जहाजाला तो तोंडावर येतो. दक्षिण भागात मात्र शरदापासून वसंतापर्यंत वारा उलटा, दक्षिणेकडून, वाहतो. आपल्या किनाऱ्यावरून ईशान्य मोसमी वाऱ्यावर निघालेलं जहाज बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून आत शिरायचं आणि दक्षिणवारा जिथवर नेईल तिथवर जायचं. पुढे जाणं मुश्किल, म्हणून माल जेद्दाला उतरवायचा आणि छोट्या गलबतांतून सुएझकडे पाठवायचा. ज्या ऋतूत जेद्दाकर रोशनच्या झडपा उघडून निवांत बसायला लागत, त्याच ऋतूत रोशनचं लाकूड घेऊन येणारा वारा सुरू होई. मोसम हा आपला शब्दही अरबीच. 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ: जत्रेची, हजची, जहाजं सुटायची. त्याच धातूपासून 'वस्म' हा शब्द आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या शरदातल्या पावसाळ्याला सौदी पंचांगात वस्म म्हणतात, आणि धातूचा मूळ अर्थ खूण करणं, डागणं. जमिनीवर पहिली खूण करतो तो पाऊस.

आज जे थाटाचे रवाशीन दिसतात ते बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी सुरू झाल्या, हाजी वाढले, व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि प्रत्येकाला शेजाऱ्याहून मोठा रोशन हवासा झाला. काही घरांत तर रोशनवर रोशन चढवत नेलेले, की खालपासून वरपर्यंत दगड दिसतच नाही. उमर नसीफ एफेंदींचा वाडा १८७२ ते १८८१ या काळात उभा राहिला. त्याचा जिना इतका रुंद आणि इतक्या कमी चढणीचा, की जनावरं वरच्या मजल्यापर्यंत जात असं सांगतात. १९२५ च्या डिसेंबरात जेद्दा सौदींना शरण आलं तेव्हा त्यांचे सुलतान अब्दुलअझीझ याच वाड्यात उतरले. मुंबईहून हाजींच्या बोटी जेद्दाला जात राहिल्या त्या थेट १९९५ पर्यंत. त्या बोटींतून उतरलेल्या कित्येक कोकणी हाजींनी जेद्दात पहिल्यांदा मान वर केली असेल ती या लाकडी खोल्यांकडे बघायला. त्यातलं लाकूड आपल्याकडचं असू शकतं, हे कुणाच्या लक्षात आलं असेल का कोण जाणे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्या जुन्या गावांची असते. १९४७ मध्ये तटबंदी पाडली. तेलाचा पैसा आला, नसीफांसारखी घराणी उत्तरेकडच्या सिमेंटच्या बंगल्यांत गेली, आणि वाड्यांच्या खोल्या परदेशी मजुरांना भाड्याने गेल्या. जुनं लाकूड आणि उघड्या वायरी, त्यामुळे आगी लागायच्या. सत्तरच्या दशकात महापौर मुहम्मद सईद फारसी यांनी पाडापाडी आवरून वाडे जपायचं मनावर घेतलं, म्हणून बरंच वाचलं. २०१४ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा यादीत घेतलं. २०१९ मध्ये ५६ घरांच्या दुरुस्तीसाठी ५ कोटी रियाल मंजूर झाले. आता तर सौदी सरकारी निधीच्या घरबांधणी कंपनीचं नावच रोशन आहे आणि तिच्यामुळे फुटबॉलच्या लीगचंही. रोनाल्डो तिथे खेळतो, पण त्या नावात एक सागाची खिडकी आहे हे समालोचक काही सांगत नाहीत.

दुरुस्त झालेल्या वाड्यांपेक्षा न झालेले मला जास्त बोलके वाटतात. अशा एखाद्या गल्लीत नोव्हेंबरच्या संध्याकाळी वर बघावं. रोशनची मधली जाळी करवतीने चौकोनी कापलेली असते आणि त्या भोकात खिडकीचा एसी कोंबलेला असतो, पत्रा गंजलेला, पंखा कधीचाच बंद. चौकोनाच्या कडेला करवतीचे दात अजून दिसतात. कापलेल्या जागी साग आतून अजून पिवळसर आहे. एसीच्या डब्यावर पारव्याने काटक्या जमवल्यात, आणि डबा व लाकूड यांच्यामधल्या फटीतून वायव्येचा वारा आत जातोय.