महाराष्ट्रातील द्राक्षविद्या : उगम, प्रसार आणि संघटन

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी नित्य असे. शेतीस अग्रस्थान देणाऱ्या या म्हणीने एका प्रश्नाचे उत्तर मात्र दिलेले नाही. एका शेतकऱ्यास गवसलेली युक्ती दहा कोसांवरील दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचते कशी? लढायांच्या व तहांच्या इतिहासात याचा शोध घेऊन उपयोग नाही. तो घ्यावयाचा तर पिकाचा इतिहास पाहावा लागतो. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांचा निर्वाह आजही शेतीवर चालतो, आणि जे नोकरी-व्यवसायानिमित्त शहरांत स्थायिक झाले त्यांचेही मूळ गावच्या मातीतच आहे. म्हणून द्राक्ष या एकाच पिकाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे. शेतीविद्या कोठे जन्मते, कोणाच्या हातून पसरते आणि कोठे अडून बसते, या तिन्ही गोष्टींचा उलगडा या एका पिकाने जितका होतो तितका क्वचितच दुसऱ्या पिकाने होत असेल.

पूर्वपीठिका

द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. तेथे ती हिवाळ्यात पानगळ होऊन निजते व वसंतात जागी होऊन फळ धरते. दख्खनच्या उष्ण हवेत तिला ही निद्रा मिळत नाही. असे असूनही हे पीक आपल्याकडे फार जुने आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख केला असून तेथे वर्षातून दोनदा फळ येते असेही नमूद केले आहे. नाशिककडे भोकरी, फकडी, हबशी, पंढरी साहेबी अशा जाती प्रचलित होत्या, आणि वेल चढविण्यासाठी पांगाऱ्याची जिवंत झाडे आधाराला लावीत असत. मात्र कोणत्या महिन्यात छाटावे, खत किती घालावे, रोग दिसताच काय करावे, ही सारी माहिती बापाकडून मुलाकडे जाई आणि फार तर भावकीत राही. कसबी बागाईतदार निवर्तला की त्याच्याबरोबर त्याची विद्याही बहुधा लयास जाई.

शेतीविद्या सार्वजनिक व्हावी हा विचार महाराष्ट्रात स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रणी होत. १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण मिळावे, शेतमालाची प्रदर्शने भरवून उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, असे आग्रहाने सुचविले. ज्ञान ज्याच्या कष्टाचे त्याच्यापर्यंत ते पोहोचलेच पाहिजे, हा त्यामागील आशय होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ पासून शेतकीचे वर्ग सुरू झाले होते. पुढे १९०७-०८ च्या सुमारास स्वतंत्र शेतकी महाविद्यालय स्थापन होऊन डॉ. हॅरल्ड मॅन त्याचे प्राचार्य झाले.

गणेशखिंडीतील प्रयोग

द्राक्षविद्येला शास्त्राची जोड मिळाली ती पुण्याजवळील गणेशखिंडीच्या फळबाग केंद्रात. डॉ. गुलाबसिंग चीमा व त्यांचे सहकारी यांनी तेथे दीर्घकाळ अभ्यास केला. पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून त्यांनी सिद्ध केलेली जात पुढे ‘चीमा साहेबी’ या नावाने ओळखली गेली.

वर्षातून दोन छाटण्या ही दख्खनच्या द्राक्षशेतीची गुरुकिल्ली होय. मार्च-एप्रिलात फळ उतरले की वेल खरडून छाटावयाची. नव्या फुटी काडी धरतात आणि त्या काडीच्या डोळ्यांत पुढील घडाचे बीज गुप्तपणे तयार होते. मग पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या सुमारास, त्याच काडीवर योग्य डोळा पाहून दुसरी छाटणी करावयाची. या रीतीने फळ कोरड्या हवेत, जानेवारी ते एप्रिल या काळात पिकते व पावसाच्या तडाख्यातून वाचते. कात्री चार डोळे अलीकडे लागली की पलीकडे, यावर वर्षाचे उत्पन्न ठरते. हे ज्ञान पुस्तकात अर्धेच उतरते. उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या मांडवाखाली उभे राहून डोळ्यांनी पाहावे लागते.

येथेच सरकारी प्रयोगक्षेत्राची मर्यादा उघड होते. केंद्रातला शास्त्रज्ञ एका मातीत व एका हवेत प्रयोग करतो. ओझरची काळी जमीन, तासगावची मुरमाड रानें आणि सोलापूरकडचे कोरडे माळ यांच्या अडचणी भिन्न असतात. त्या त्या मुलखातील अनुभव गोळा करणारी व तो पुन्हा सर्वांस वाटून देणारी दुसरी एखादी व्यवस्था हवी होती.

बागाईतदारांचा संघ

अशी व्यवस्था शेतकऱ्यांनी स्वतःच उभारली. ज्या वर्षी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच १९६० साली महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ अस्तित्वात आला. पुणे, नाशिक, सांगली व सोलापूर असे त्याचे चार विभाग आहेत. हंगामाच्या तोंडावर भरणारी परिषद, विभागवार चर्चासत्रे, बागेत जाऊन पाहण्याची शिवारफेरी आणि ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक, ही त्याची साधने. परिषदेत शास्त्रज्ञ बोलतात आणि बागाईतदार उभे राहून त्यांना प्रश्न विचारतात. आपल्या बागेत जे घडले त्याची शहानिशा चारचौघांत होते. अनुभवाचे रूपांतर विद्येत होण्यासाठी अशा शहानिशेची नितांत गरज असते.

याच दशकात थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची परदेशी जात महाराष्ट्रात रुजू लागली. तिच्याबरोबर घड जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडविण्याची, मण्यांची विरळणी करण्याची नवी तंत्रे आली. द्रावणाची मात्रा किंचित चुकली तरी घड बिघडावयाचा. तेव्हा एकाची चूक दुसऱ्यास वेळेवर कळणे हेच लाखमोलाचे होते, आणि ते काम संघाच्या मार्गाने होऊ लागले.

परंतु या इतिहासातील सर्वांत अभिमानास्पद भाग पुढेच आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांच्या दृष्टीस थॉम्पसनच्या बागेत एक वेगळी वेल पडली. तिचे गुण हेरून त्यांनी तिची जोपासना केली, आणि ‘तास-ए-गणेश’ ही जात जन्मास आली. तिच्या नावातच तासगावची खूण आहे. सोलापूरजवळील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी त्याच डोळस वृत्तीने लांब मण्याची ‘सोनाका’ आणि काळ्या रंगाची ‘शरद सीडलेस’ या जाती निवडल्या. निसर्ग हजारो वेलींत एखादा पालट घडवितो. तो ओळखावयास रोज वेलीखाली वावरणारी नजर लागते, आणि ती नजर या शेतकऱ्यांपाशी होती.

आर्वे व काळे यांच्या निवडीतील काड्या गावोगाव गेल्या. एकाने काडी कापून द्यावी, दुसऱ्याने ती कलम करावी, तिसऱ्याने त्याच्याकडून न्यावी, अशा क्रमाने त्या पसरल्या. घेणारा कोणत्या कुळीचा, कोणत्या ज्ञातीचा, हे काडीला ठाऊक नव्हते आणि संघाच्या सभेतही त्याची विचारपूस नव्हती. संघ पिकाचा होता. भावकीच्या उंबऱ्याआड शतकानुशतके कोंडून राहिलेली विद्या एका पिढीच्या अवधीत जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली, त्याचे मर्म यात आहे.

कसोटीचे प्रसंग

पुढे अवर्षण, क्षारयुक्त पाणी व चोपण जमिनी यांमुळे स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या बागा खचू लागल्या, तेव्हा डॉगरीजसारख्या काटक खुंटावर कलम करण्याची पद्धत सर्वत्र पसरली. १९९१ मध्ये सहकारी संस्थांच्या भागीदारीतून ‘महाग्रेप्स’ स्थापन होऊन युरोपच्या बाजारपेठेचा मार्ग खुला झाला. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. शास्त्रज्ञ, शेतकरी व बाजार ही तिन्ही टोके आता एका सूत्रात आली, असे वाटू लागले.

तथापि २०१० च्या हंगामाने एक कठोर धडा दिला. एप्रिल छाटणीनंतर फुटींची फाजील वाढ रोखून डोळ्यांत घड धरावा यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे द्रव्य महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वापरात होते. युरोपात द्राक्षांमध्ये त्याच्या अंशाची मर्यादा किलोमागे अवघी ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आपल्याकडील निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हे द्रव्य नव्हते. माल युरोपच्या बंदरांत पोहोचला व अडकला. भाव कोसळले. ज्यांनी कर्ज काढून बागा उभ्या केल्या होत्या अशा अनेक कुटुंबांवर संकट ओढवले. वस्तुतः २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी ‘ग्रेपनेट’ ही पद्धत अमलात होती. पण जी गोष्ट विचारलीच गेली नाही तिचे उत्तर नोंदवहीत असणार कोठून? ज्ञानाचे जाळे कितीही दूर पसरले, तरी त्याच्या शेवटच्या टोकाकडील वार्ता पहिल्या टोकाला वेळेवर कळली नाही तर ते सर्वांना एकाच वेळी खड्ड्यात नेऊ शकते. पसरलेली सवय ही पसरलेल्या विद्येइतकीच बलवान असते, हे त्या वर्षी कळून आले. त्यानंतर तपासणीची यादी वाढली व फवारणीच्या नोंदींकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

आजचा प्रश्न

अलीकडे परदेशांतील नव्या जाती परवान्याने येऊ लागल्या आहेत. त्यांच्यावर पैदासकाराचा हक्क असतो, शुल्क भरावे लागते आणि शेजाऱ्याला काडी देण्याची मुभा नसते. पैदासकाराच्या श्रमाचे मोल त्यास मिळावे हे न्याय्यच आहे. आपल्या देशाने २००१ मध्ये केलेल्या वाणसंरक्षण कायद्यात पैदासकाराबरोबर शेतकऱ्याचाही हक्क मान्य केला आहे, ही त्यातील विशेष गोष्ट होय. तथापि ज्या मार्गाने ‘तास-ए-गणेश’ गावोगाव पोहोचली तो मार्ग अरुंद होत चालला आहे, याकडे डोळेझाक करता येणार नाही. मोठ्या बागाईतदारास परवाना परवडेल. दोन एकरांच्या धन्याचे काय?

आणखी एक उणीव प्रांजळपणे सांगितली पाहिजे. परिषदेच्या मंडपात बसणारे बहुतेक पुरुष असतात, आणि विरळणीचे नाजूक काम करणारे हात बहुधा स्त्रियांचे असतात. घडातील कोणता मणी ठेवावा व कोणता काढावा, याचे सूक्ष्म ज्ञान ज्यांच्या बोटांत आहे त्यांचा शब्द चर्चासत्रापर्यंत क्वचितच जातो. पाणी नसलेल्या माळावरील जिराईत शेतकऱ्यासाठी तर इतका बळकट संघ आढळणे कठीण. ज्या पिकात पैसा त्याच पिकाभोवती विद्या गोळा होते, ही आपल्या शेतीव्यवस्थेची मोठी खोट आहे.

आपल्या मंडळासारख्या संस्था आप्तभावाच्या पायावर उभ्या असतात. अडल्यानडल्याला आधार देणे, मुलांच्या शिक्षणाची सोय पाहणे, हे त्यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु द्राक्षाचा इतिहास सांगतो की विद्या आप्तांपुरती राखून वाढत नाही. तेव्हा सभासद बंधुभगिनींनी आपापल्या बागेतील व रानातील अनुभव वर्षाच्या वर्षाला लिहून ठेवावेत, त्यात घरातील स्त्रियांचे सांगणे आवर्जून नोंदवावे, आणि ती वही शिवेपलीकडच्या कोणाही शेतकऱ्यास मोकळ्या मनाने दाखवावी. गणेशखिंडीत ज्याचा आरंभ झाला आणि बोरगाव-नान्नजच्या शेतकऱ्यांनी ज्यात भर घातली, ते ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाही.