युद्धाची परवानगी: एका जुन्या आक्षेपाची कुळकथा

अमेरिकी अध्यक्षाने काँग्रेसला न विचारता परदेशात लढाई सुरू करू नये, ही मागणी व्हिएतनामविरोधी आंदोलनातून आली असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तिचे आधुनिक कूळ उजव्या गोटात सापडते. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर चाल केली. दोनच दिवसांत अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी विमानदल आणि आरमार मदतीला धाडले, ३० जूनला पायदळही. काँग्रेसकडे त्यांनी ठराव मागितला नाही. २८ जूनला रिपब्लिकन परंपरावाद्यांचे नेते, ओहायोचे रॉबर्ट टाफ्ट, सिनेटमध्ये बोलले. मदतीचा ठराव आला तर आपण बाजूने मत देऊ, पण ठरावाशिवाय अध्यक्षांना हा अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची हरकत लढण्याला नव्हती. राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या नावाखाली अध्यक्षाकडे जाण्याला होती. परराष्ट्र खात्याने ३ जुलैच्या टिपणात ८५ जुने दाखले पुढे केले. त्यांतले बरेचसे चाचांचा बंदोबस्त किंवा नागरिकांचे रक्षण अशा किरकोळ मोहिमांचे. कोरियासारख्या पूर्ण युद्धाला ते कसे पुरावेत? हे टिपण टाफ्ट यांचीच बाजू बळकट करते, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो घाईचा: अण्वस्त्रांच्या काळात ठरावाची वाट बघायला वेळ कुठे? याचे उत्तर पुढच्याच रिपब्लिकन अध्यक्षाने दिले. तैवानच्या संकटात आयझेनहॉवर यांनी २४ जानेवारी १९५५ रोजी काँग्रेसकडे अधिकार मागितला आणि २९ तारखेला मंजूर ठरावावर सही केली. पाच दिवस लागले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अध्यक्ष डेमोक्रॅट होता म्हणून टाफ्ट यांना घटना आठवली. यात तथ्य आहे. १९५१ मध्ये युद्ध चीनपर्यंत वाढवू पाहणाऱ्या जनरल मॅकआर्थर यांना त्यांनीच पाठिंबा दिला, आणि तो त्यांच्या भूमिकेशी नीट जुळत नाही. पण विचाराचे मोल केवळ मांडणाऱ्याच्या सातत्यावर ठरवता येत नाही. शिवाय अध्यक्षाच्या परराष्ट्र करारांना लगाम घालणारी, ओहायोचेच सिनेटर जॉन ब्रिकर यांची घटनादुरुस्ती त्यांच्याच पक्षाच्या आयझेनहॉवर यांच्या विरोधाला न जुमानता रेटली गेली. २६ फेब्रुवारी १९५४ रोजी तिचा सौम्य मसुदा ६० विरुद्ध ३१ मतांनी, दोन तृतीयांशाला एक मत कमी पडून, फेटाळला गेला.

पुढे शीतयुद्धाने बाजू पालटल्या. अध्यक्षाचे हात बांधले तर कम्युनिस्टांचे फावेल, हे मत उजव्यांत प्रबळ झाले. निक्सन यांचा नकाराधिकार डावलून ७ नोव्हेंबर १९७३ रोजी युद्धाधिकार ठराव संमत झाला. सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि तिची मंजुरी नसेल तर साधारण ६० दिवसांत ते थांबवायचे, असा त्याचा गाभा. टाफ्ट यांच्या आक्षेपाला कायद्याचे रूप मिळाले खरे, पण परंपरावाद्यांचे तेव्हाचे मोठे नाव असलेल्या बॅरी गोल्डवॉटर यांनी त्याला विरोध केला. तरी जुना प्रवाह आटला नाही. १९९५ मध्ये रिपब्लिकन हेन्री हाइड यांनी हा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात आणला. सभागृहात रिपब्लिकन बहुमत होते आणि अध्यक्ष डेमोक्रॅट, बिल क्लिंटन. प्रस्ताव २०१ विरुद्ध २१७ मतांनी पडला, आणि तो पाडणाऱ्यांत हाइड यांच्याच पक्षाचे ४४ सदस्य होते.