अंधारात संपणारी प्रार्थना : स्तोत्र ८८ चे भाष्य

१९८६ साली इंग्लंडमधल्या स्विंडन गावच्या ‘एक्सटीसी’ या बँडचे ‘डिअर गॉड’ हे गाणे आले. अँडी पार्ट्रिज यांनी ते देवाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात रचले आणि त्याची सुरुवात एका लहान मुलीच्या आवाजात होते. भूक, युद्ध, रोगराई पुढे ठेवून पत्रलेखक देवाला जाब विचारतो आणि तुझ्यावर माझा विश्वास नाही, असे त्यालाच कळवतो. ब्रिटनमध्ये हे गाणे आधी दुसऱ्या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला होते. अमेरिकेतल्या रेडिओ-निवेदकांनी ते उचलून धरले, तेव्हा ‘स्कायलार्किंग’ या अल्बमच्या तिथल्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. अनेक भाविकांना ते ईशनिंदा वाटले.

मला त्यात एक जुनी तक्रार ऐकू येते. बायबलने ती दाबली नाही, उलट प्रार्थनेच्या पुस्तकात जपली. दुःखाचे कोडे ख्रिस्ती श्रद्धा सोडवत नाही. ते कोणापुढे मांडायचे, एवढे मात्र ती सोडत नाही. स्तोत्र ८८ वचनागणिक वाचले की हे दिसते. वचनांचे क्रमांक मराठी बायबलप्रमाणे दिले आहेत. हिब्रू पाठात शीर्षकही मोजले जात असल्याने तिथे ते एकाने पुढे जातात.

शीर्षक. स्तोत्र कोरहाच्या पुत्रांचे आणि हेमान एज्राही याचे, असे शीर्षक सांगते. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात कोरह मोशेविरुद्ध उठतो आणि पृथ्वी त्याला जिवंत गिळते. पुढे २६ व्या अध्यायात एका वाक्यात नोंद येते की त्याचे पुत्र मेले नाहीत. ज्या घराण्याचा मूळपुरुष गर्तेत गेला, त्याच घराण्याच्या नावावर गर्तेतून मारलेली ही हाक आहे, आणि ती मंदिराच्या उपासनेत गायली गेली. बंडखोराच्या वंशजांना गायकवृंदात बसवणारी ही परंपरा तक्रारीला घाबरत नाही.

वचने १–२. देवाला ‘माझा तारणारा’ म्हणून साद घातली आहे. संपूर्ण स्तोत्रात आशेचा शब्द म्हणावा तो एवढाच, आणि तो पहिल्याच ओळीत खर्ची पडतो. रात्रंदिवस ओरडणाऱ्याने, आपले ऐकणारा कुणीतरी आहे, हे अजून सोडलेले नाही. पार्ट्रिज यांचा पत्रलेखकही पत्ता देवाचाच घालतो. मात्र म्हणून त्याच्या नकाराला ‘लपलेली श्रद्धा’ ठरवू नये. तो मानत नाही म्हणतो, तर ते खरे धरणे हीच त्याची कदर. साम्य आहे ते प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत.

वचने ३–५. जीव दुःखाने काठोकाठ भरला आहे, आयुष्य अधोलोकाच्या उंबरठ्यावर आले आहे. लोक त्याला मेलेल्यांत जमा करून बसले आहेत. मृत्यूपेक्षा जास्त बोचते ते देवाच्या आठवणीतून पुसले जाणे.

वचने ६–७. इथे कर्ता बदलतो. आतापर्यंत ‘मी’ होता, आता ‘तू’ येतो : तूच मला खोल खड्ड्यात टाकलेस, तुझ्याच लाटा माझ्यावर आदळतात. विलापस्तोत्रांत बहुधा शत्रू असतो. इथे कुठेच नाही. पापाची कबुलीही नाही. म्हणजे ‘वैऱ्याने केले’ आणि ‘आपल्याच कर्माने झाले’ या दोन्ही सोप्या उत्तरांना कवीने दार बंद केले आहे. ईयोबाचे मित्र दुसरे उत्तर घेऊन आले होते. ग्रंथाच्या शेवटी, ४२ व्या अध्यायात, देव त्यांच्यावर रागावतो आणि जाब विचारणारा ईयोबच योग्य बोलला असा निर्वाळा देतो. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? येशू तो हिशेबच नाकारतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचे पाप शोधणाऱ्यांना बायबलचा आधार नाही.

वचन ८. ओळखीची माणसे दूर गेली, त्यांना आपली किळस येऊ लागली, आणि हेही देवानेच केले असे तो म्हणतो. दुःखात एकटेपण हे दुसरे दुःख असते. देव कुठे होता, हा प्रश्न देवाला आहे. शेजारी कुठे होते, हा मंडळीला आहे. पहिल्याचे उत्तर आपल्या हाती नाही, दुसऱ्याचे आहे.

वचन ९. डोळे रडून क्षीण झाले, तरी हात रोज पसरलेले आहेत. देवाचे नाव स्तोत्रात चार ठिकाणी येते : वचने १, ९, १३ आणि १४. हाकेला उत्तर न मिळताही हाक थांबत नाही.

वचने १०–१२. प्रश्नांची रांग लागते. मेलेल्यांसाठी तू चमत्कार करशील काय? थडग्यात तुझ्या दयेचे कोण वर्णन करील? विस्मृतीच्या देशात तुझा न्याय कोणाला कळेल? ही विनवणी आहे आणि युक्तिवादही : मी मेलो तर तुझी स्तुती करणारा एक कमी होईल. कवीच्या काळी या प्रश्नांना ‘नाही’ हेच उत्तर अपेक्षित होते. ख्रिस्ती वाचक पुनरुत्थानाच्या प्रकाशात ‘होय’ म्हणतो. ऑगस्टीनने तर हे स्तोत्र ख्रिस्ताच्याच दुःखसहनाचा आवाज म्हणून वाचले. पण तो ‘होय’ घाईने उच्चारू नये. ज्याचे मूल गेले आहे, त्याच्या तोंडावर पुनरुत्थान फेकून मारणे हे सांत्वन नव्हे. आधी प्रश्न पुरता विचारू द्यावा.

वचने १३–१४. सकाळ होते आणि तोच माणूस पुन्हा विचारतो, तू तोंड का लपवतोस? जर्मन धर्मचिंतक युर्गन मोल्टमान १७ वर्षांचे असताना, जुलै १९४३ मधल्या हँबर्गवरील बाँबहल्ल्यात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला. ‘देव कुठे आहे?’ हा प्रश्न त्या रात्री त्यांच्या तोंडी आला. पुढे युद्धकैदी असताना स्तोत्र ३९ चा विलाप आणि मार्कच्या १५ व्या अध्यायातली, देवाने सोडून दिल्याबद्दलची येशूची आरोळी वाचून त्यांना वाटले, आपल्याला समजून घेणारा इथे कुणी आहे. क्रुसावरच्या देवाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९७२ मध्ये आला. ती आरोळी हेही स्तोत्र २२ चे पहिलेच वचन आहे. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी जो आहे, त्याने स्वतः ‘का?’ असे विचारले, आणि त्या क्षणी आकाशातून उत्तर आले नाही.

वचने १५–१७. लहानपणापासून मी मरणाच्या दारात आहे, असे कवी म्हणतो. मराठीत हे वचन लिहिणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. कोवळ्या वयात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. १८८२ मध्ये पती गेले, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. भरलेल्या पोटाच्या सवडीतले हे काम नव्हते.

वचन १८. प्रियजन, सोबती दूर केलेस. आता ओळखीचा उरला तो अंधार. हिब्रूत शेवटचा शब्द अंधार हाच आहे. इतर विलाप बहुधा शेवटी विश्वासाकडे वळतात, हे वळत नाही. संपादकांनी पुढे स्तुतीचे एखादे वचन जोडले असते तर कोण विचारणार होते? जोडले नाही. चर्चनेही पुसले नाही : अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात हे उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळी नेमलेले आहे आणि रोमन परंपरेत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हटले जाते.

हे स्तोत्र उपासनेत म्हणणे मंडळीला बांधून घेते. जी मंडळी दर आठवड्याला उत्तराविना संपणारी प्रार्थना म्हणते, तिने आपल्यातल्या शंकेखोराला गप्प बसवण्याचा हक्क स्वतःहून सोडलेला आहे. मुलगा किंवा मुलगी असे गाणे ऐकून प्रश्न विचारू लागली, तर खंडनाची पुस्तके शोधण्याआधी हे स्तोत्र त्यांच्यासोबत मोठ्याने वाचावे, शेवटी काहीही न जोडता. श्रद्धा ठेवायची की नाही, हे ती ठरवतील. प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना घराबाहेर उभे राहावे लागणार नाही, एवढी हमी देणे आपले काम आहे.