दहावी शिकलेल्या हातांचा इतिहास

रोवणा आटोपला, गटाच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. आज एक इतिहास सांगते. त्यात राजा-राणी नाहीत, तुमच्या-माझ्यासारख्या बाया आहेत.

१९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल हा कॅन्सरचा दवाखाना सुरू झाला. औषधोपचार आले, पण पुष्कळ बाया तिथे पोहोचायच्या त्या उशिराच. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीसाठी मजुरी कोण पाडणार? आणि छातीचं सांगायचं तरी कोणाला?

परदेशात स्तनांची तपासणी मॅमोग्राफीच्या यंत्रानं होऊ लागली होती. ते महागडं यंत्र आपल्याकडे वस्तीवस्तीत कसं न्यायचं? तेव्हा डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. बाईला नीट शिकवलं, तर तिचे हात हे काम करतील का?

१९९८ च्या मे महिन्यात मुंबईच्या गरीब वस्त्यांत काम सुरू झालं. दहावी शिकलेल्या बायांना स्तन तपासायला शिकवलं. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बाया या अभ्यासात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हातांनी तपासणी झाली. बाकीच्या वस्त्यांत एकदा माहिती दिली. मग दोन्हीकडे वर्षानुवर्षं घरोघर जाऊन विचारपूस चालू राहिली.

वीस वर्षांचा हिशोब २०२१ साली छापून आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत आजार लवकर सापडला. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर तिथे शंभरात ३७ होते, दुसरीकडे ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यू तसे घटलेले दिसले नाहीत, हेही खरं सांगायला हवं. पण म्हणून तरुण बाईनं गाठ लपवू नये.

२०१६ साली केंद्र सरकारनं तिशीपुढच्या बायांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायचं ठरवलं. आपल्या आशाताईला विचारा, उपकेंद्रात जा. गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर थांबू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी सांगावं, शेजारणीनं नव्हे.

आणि उपचार घेऊन परतलेली आपली मैत्रीण? हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. मग तिचा पेला वेगळा का? काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. तिची पाण्याची घागर आपण उचलू. दवाखान्याच्या तारखेला गटातली एकजण सोबत जाईल. हळदीकुंकवाला तिला आधी बोलावू.

मुंबईच्या त्या बाया वीस वर्षं दारं वाजवत राहिल्या, म्हणून कित्येकींचा जीव वाचला. आपल्या गावात किती दारं आहेत? पुढच्या बैठकीत ती मोजू, आणि कोणतं दार कोणी वाजवायचं तेही तिथेच ठरवू.